राणीसाहेबांचे व्याही आणि नत्थुजीचे

अमरावतीच्या कापूसबाजारात नत्थुजी मापाऱ्याने तराजूची दांडी उचलली, की घेणारा आणि विकणारा दोघेही श्वास रोखून उभे राहायचे. वीस वर्षांत ती दांडी कुणाच्याही बाजूला केसभर झुकली नव्हती. नत्थुजी उंचीने बेताचा, पोटाने सढळ. मिशीवर, भुवयांवर, कानांच्या केसांवर कापसाच्या तुसाचा असा थर असायचा, की नवखा माणूस त्याला पंधरा वर्षांचा जास्तीचा मान द्यायचा. "या माणसाले ओट्यावर झटकलं तर एक उशी भरते," असं त्याची बायको तानुबाई म्हणायची, आणि ती काही वाढवून बोलणारी बाई नव्हती.

असा हा माणूस पन्नाशीला टेकल्यावर युरोपातल्या लोकांच्या इतिहासाचा अभ्यास करू लागेल, हे त्याच्या पत्रिकेत निघालं असतं तर जोशीबुवांनी 'शाई सांडली' म्हणून कागदच बदलला असता. पण काळ तसा आला होता. तिकडे अमेरिकेत भावाभावांची लढाई जुंपली, त्यांचा कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेनासा झाला, आणि इकडे वऱ्हाडच्या काळ्या मातीला एकदम भाव चढला. बडनेऱ्याच्या पलीकडे जग आहे याची ज्यांना आजवर नुसती कुणकुण होती, ती माणसं लिव्हरपुलाच्या बंदरात काल किती जहाजं लागली, अशी चौकशी करू लागली. बैलांच्या गळ्यात चांदीचे घुंगरू आले. एकाने तर म्हशीच्या शिंगांना चांदीची टोपणं बसवली. म्हैस दोन दिवस दबून राहिली, तिसऱ्या दिवशी डबक्यात जाऊन बसली, आणि मग सगळं घर चार दिवस चिखल चाळत बसलं.

बाजारातल्या निंबाखाली रोज सकाळी नियाज मुन्शी मुंबईहून आलेला छापील कागद वाचून दाखवायचा. मुन्शी एका मुंबईकर व्यापाऱ्याच्या पदरी होता. काळी शेरवानी, पांढरी दाढी आणि चार भाषांत खाकरण्याची कला. ऐकणाऱ्यांना दोनच गोष्टी हव्या असायच्या: लढाई संपली तर नाही ना, आणि भाव काय. तेवढं कळलं की निंबाखाली मुन्शी आणि निंबोळ्या उरायच्या. एका सकाळी मात्र मागून आवाज आला.

"मुन्शीजी, पण हे लोक लढून काहून राह्यले?"

मुन्शीने चष्मा कपाळावर चढवला. 'किती' विचारणारे त्याला आयुष्यात हजारो भेटले होते. 'काहून' विचारणारा हा पहिलाच.

"बसा, नत्थुभाऊ," तो गहिवरून म्हणाला. "जरा वेळ लागन."

वेळ लागला तो दोन वर्षं. मुन्शीने जमिनीवर सरकी मांडून युरोप तयार केला. बाजूला मूठभर सरकी ठेवली ती विलायत, ओंजळभर ओतली तो रूस. एकदा एक कोंबडी आली आणि अख्खं पोर्तुगाल टिपून गेली. मुन्शीने ते पुन्हा मांडलं नाही. म्हणाला, राहू द्या, ते लोक आपला कापूस तसाही घेत नाहीत.

नत्थुजीची शिकण्याची रीत एकच होती. नवं काही आलं की ते घरच्या मापाने मोजायचं. पोलंडचे लोक त्याला लगेच कळले: तीन बाजूंनी तीन शेजारी शेताचे धुरे-बांध सरकवत आले आणि मधल्याची जमीनच संपली. फ्रेंचांनी एका राजाचं डोकं उडवलं, मग बादशहा केला, मग पुन्हा राजा आणला, तो हाकलला, आणि आता पुन्हा बादशहा ठेवलाय, हे ऐकून त्याने मान हलवली. "या लोकायच्या घरी गडी टिकत नाही," तो म्हणाला. इटलीवर मात्र त्याचा विश्वास बसेना. वाटण्या झालेले सगळे भाऊ पुन्हा एका चुलीवर आले, असं मुन्शीने वाचलं तेव्हा नत्थुजीने त्याला थांबवलं.

"वऱ्हाडात असं झालेलं मी पाह्यलं नाही. त्यायच्या बायका कबूल झाल्या का?"

"बायकायचं लिहिलं नाही."

"मंग थांबा चार वर्षं. कळन."

राज्यं कशी चालतात ते नत्थुजीला फारसं उमगलं नाही. पण ही सगळी राजघराणी एकमेकांची सोयरी आहेत, हे त्याने पहिल्या महिन्यातच ओळखलं, आणि सोयरीक म्हटली की वऱ्हाडी माणसाला नकाशा लागत नाही. विलायतेच्या राणीने थोरली लेक प्रशियाच्या राजघराण्यात दिली होती. थोरल्या लेकाचं लग्न गेल्याच साली झालं, आणि सून आणली होती डेन्मार्कहून. म्हणजे प्रशियावाला व्याही आणि डेन्मार्कवालाही व्याही. हे नत्थुजी बाजारात इतक्या आपुलकीने सांगायचा, की ऐकणाऱ्याला वाटावं, हा लग्नात वाढायला होता.

त्याला एवढा जिव्हाळा वाटण्याचं कारण घरात होतं. अकोल्याच्या वाटेवर बोरखेडी नावाचं गाव आहे. नत्थुजीने लेक शालू तिथल्या सूर्यभानाच्या घरी दिली, आणि वर्षाच्या आत मुलासाठी सून आणली तीही बोरखेडीचीच, भगवंताची पार्बता. तानुबाईने तेव्हाच सांगितलं होतं, एका गावात दोन व्याही करू नका. पण दोन सोयरिकींना एकच गाडीभाडं, हा हिशेब नत्थुजीला फार आवडला होता.

आता त्या स्वस्ताईची किंमत कळायची वेळ आली. सूर्यभान आणि भगवंत यांच्या शेतांमध्ये दोन कुरणं होती, एक थोरलं, एक धाकलं. दोन पिढ्या दोन्ही घरांची गुरं तिथे चरत आली, आणि कुरण कुणाचं असं बैलांनीही कधी विचारलं नव्हतं. पण कापसाला भाव आला आणि रिकामं गवत लोकांच्या डोळ्यांत खुपू लागलं. सूर्यभान म्हणाला, दोन्ही माझी, नांगर घालतो. भगवंत म्हणाला, धाकलं माझं. सूर्यभानाकडे आठ बैलजोड्या, दोन धिप्पाड पुतणे आणि वेशीपर्यंत ऐकू जाणारा आवाज होता. भगवंताकडे एक जुना कागद होता, आणि त्या कागदावर जिथे नाव होतं नेमकी तिथेच वाळवी जेवून गेली होती.

पोळ्याच्या दिवशी सगळे नांगर बंद असतात आणि माणसं रिकामी, म्हणून त्या दुपारी पंच बसायचं ठरलं. नत्थुजीच्या तोलाला सगळं वऱ्हाड मानतं, तेव्हा तो बोलेल तिकडे पंच जाणार, हे दोघांनाही माहीत होतं. शालू त्या वेळी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली होती. उन्हाळ्याच्या तोंडाशी एक गाडीवान सूर्यभानाचा निरोप घेऊन आला. निरोप आवाजासकट पाठवला असावा, कारण गाडीवान ओसरीवर उभा राहून ओरडलाच: "नत्थुजीनं पंचात आमच्याकडून बोलावं. नाही बोलले, तर शालूले न्यायले आमची गाडी येणार नाही."

भगवंताचा निरोप मऊ होता. "तुमी सूर्यभानाकडून बोललात तर आमी काय म्हननार. पार्बताची माय तेवढी रडते." मऊ निरोपाला उत्तर देणं जास्त अवघड असतं.

त्याच आठवड्यात मुन्शीने निंबाखाली वाचलं, की प्रशियाच्या फौजा डेन्मार्कवर चालून गेल्या. नत्थुजीच्या हातातलं पारडं वीस वर्षांत पहिल्यांदा जमिनीला टेकलं.

"राणीचे व्याही भिडले? कशासाठी?"

"दोन सुभे हायेत मधी. श्लेस्विग अन् होल्स्टाइन."

"नावं काही असू द्या. गवत चांगलं असन."

"एक जुना कागद हाय म्हणते. दोन्ही सुभे कधी येगळे करू नये, असं लिहिलं त्यात."

"वाळवी?"

"तसं लिहिलं नाही," मुन्शी म्हणाला. "पण कागद चारशे वर्षांचा हाय."

"मंग लागली असन."

त्या दिवशी नत्थुजी जवळजवळ उड्या मारत घरी आला. हिंदुस्थानापासून कुठल्या कुठल्या बेटांपर्यंत जिचं राज्य, जिच्यापाशी एवढे दिवाण आणि एवढी जहाजं, ती बाई नेमक्या आपल्याच पेचात सापडली होती. "आपून काही करायचं नाही," त्याने तानुबाईला सांगितलं. "राणी करन तसं आपून करू."

"बरं," तानुबाई म्हणाली. "बाळंतिणीच्या लाडवात डिंक किती टाकते, तेही इचारून घ्या तिले."

विलायतेची बातमी अमरावतीला पोचायला महिना-सव्वा महिना लागे. तोवर इकडे शालूला मुलगा झाला. पोरगं आवाजाने थेट सूर्यभानावर गेलं होतं. मिरगाच्या सुमाराला कागद आला, की राणीच्या राजधानीत, लंडनला, सगळ्या राजांचे वकील जमले आणि पंचायत बसली. नत्थुजीने बाजारात गूळ वाटला. हमाल गूळ खाऊन पुन्हा रांगेत उभे राहिले आणि म्हणाले, नत्थुजीच्या व्याह्यांचं असंच जुळो. नत्थुजीने बोरखेडीला दोन्ही घरी सारखाच निरोप धाडला: धीर धरा, लंडनले बोलणं चालू हाय. बोरखेडीत दोन्ही व्याह्यांनी आपापल्या ओसरीवर बसून या निरोपाचा अर्थ लावला, आणि व्याही कापसाच्या धंद्यात भ्रमिष्ट झाला यावर त्यांचं पुष्कळ दिवसांनी एकमत झालं.

श्रावणात दुसरा कागद आला. मुन्शीने तो मनातल्या मनात वाचला आणि पुन्हा पहिल्यापासून वाचू लागला. नत्थुजी हातातला तोल सोडून समोर येऊन उभा राहिला.

"पंच उठले, नत्थुभाऊ. काहीच ठरलं नाही. लढाई पुन्हा लागली. डेन्मार्कवाल्याचं एक बेटही गेलं."

"अन् राणी?"

"राणीसरकार गप हायेत. निरोप खूप गेले, वकील गेले. फौज गेली नाही. कोणीच गेलं नाही."

नत्थुजी निंबाच्या पारावर बसला. त्याने विचारलं, "अन् ते सून?"

"कोणची सून?"

"राणीची. तिचं माहेर लुटून राह्यले अन् तिले त्याच घरात नणंदेच्या सासरचं कौतुक ऐका लागत असन. जेवली का ते?"

मुन्शीने कागद उलटून पाहिला, पालटून पाहिला. तोफा किती, जहाजं किती, कोणत्या वकिलाने कोणती टोपी घातली होती, सगळं होतं. "ते छापलं नाही," तो ओशाळून म्हणाला.

"मंग इतका कागद कशानं भरला?"

घरी आला तर ओसरीवर पार्बता पाय लांब करून बसली होती आणि पायांवर सूर्यभानाचा नातू पालथा घालून त्याला तेल चोळत होती. पोरगं बोरखेडीला ऐकू जाईल असं रडत होतं. आत शालू जेवत होती. दोघी नणंद-भावजया उन्हाळ्यापासून कुरणाबद्दल अवाक्षर बोलल्या नव्हत्या. नत्थुजी उंबऱ्यात थांबला.

"पार्बता, जेवली का तू?"

पार्बताचा तेलाचा हात थांबला. लग्न होऊन चार वर्षं झाली, सासऱ्याने हे कधी विचारलं नव्हतं. तिने पोर उचललं, आत गेली आणि तानुबाईला हळूच म्हणाली, "मामाजीले बरं वाटत नाही जनू."

दुसऱ्या दिवशी दुपारी नत्थुजीने तानुबाईला अभ्यासाचं सार सांगितलं. राणी चुकली ती एका ठिकाणी. कुरण कुठे आणि पंच बसवले कुठे. निरोप, वकील, पुन्हा निरोप. सोयरीक निरोपावर चालत नाही, तिथे आपल्या पायाने जावं लागतं, लेक-सुना घेऊन जावं लागतं.

"जाऊ ना," तानुबाई म्हणाली. "पण बोरखेडीत गाडी कोणाच्या दारात सोडता?"

सगळ्या युरोपच्या इतिहासात याचं उत्तर नव्हतं. ज्याच्या दारात गाडी सोडली, त्याचं पाणी प्यायलं. ज्याचं पाणी आधी प्यायलं, त्याच्या बाजूचा झाला. पंच बसायच्या आधीच निकाल. नत्थुजी विचार करत गाडीत बसला आणि विचार करतच राहिला. गाडीत तानुबाई, शालू, पार्बता, पोरगं आणि लाडवांचा डबा. दोन दिवसांच्या वाटेला पावसातल्या काळ्या मातीने तीन दिवस लावले. चाक आसापर्यंत रुतायचं, नत्थुजी उतरून चिखलात उभा राहायचा आणि म्हणायचा, "दोघांच्या मधी सोडू का?" पण सूर्यभान आणि भगवंत यांच्या घरांच्या मध्ये मारुतीचं देऊळ आणि एक उकिरडा होता.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी गाडी बोरखेडीच्या शिवेवर आली. वाट फुटली. उजवीकडे सूर्यभान, डावीकडे भगवंत, आणि गाडीच्या दोन्ही अंगांना दोन कुरणं, पावसाने गुडघाभर वाढलेली, हिरवीगार. नत्थुजीने कासरा ओढून धरला. बैल थांबले. तोही थांबला. दिवस बुडायला आला तरी त्याचा हात उजवीकडे वळेना की डावीकडे.

"येळ चालली," मागून तानुबाई म्हणाली. "खांदे कवा मळता?"

पोळ्याच्या आदल्या सांजेला बैलांचे खांदे लोणी-हळदीने मळतात, शेकतात, आणि त्यांना उद्याच्या जेवणाचं आवतन देतात. ते चुकवून चालत नाही. नत्थुजीने निमूटपणे बैल सोडले. तानुबाईने लोण्याची वाटी पुढे केली. ती तिने अमरावतीहून आणली होती. पळसाच्या पानांनी खांदे शेकून झाले, नत्थुजीने बैलांच्या कानाशी वाकून म्हटलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवायले या," आणि म्हणता म्हणता तो ताठ उभा राहिला. आता पोळा सरेपर्यंत या खांद्यांवर जू ठेवता येत नाही. गाडी आहे तिथून हलू शकत नव्हती. आणि गाडी होती ती थोरल्या आणि धाकल्या कुरणांच्या बरोबर मध्ये.

त्याने बायकोकडे पाहिलं. तानुबाई वाटी पुसत होती.

सकाळी पहिल्यांदा सूर्यभान आला, दोन पुतण्यांसह. "व्याही, हे काय? घर सोडून रानात?"

"खांदे मळले. आता जू कसं ठेवू? अन् शालूले सासरचं माणूस न्यायले आल्याबिगर तिनं सासरच्या उंबऱ्यात पाय कसा टाकावा?"

बैल मजेत चरत होते. सूर्यभानाने त्यांच्याकडे पाहिलं. पोळ्याच्या दिवशी व्याह्याचा बैल कुणी हाकलत नाही. तेवढ्यात धापा टाकत भगवंत पोचला.

"माह्या कुरणात उतरले, माहे पाहुणे झाले," तो म्हणाला. "जेवण माह्याकडचं."

"तुह्या कुरणात?" सूर्यभानाचा आवाज वेशीपर्यंत गेला. "जागा माही, पाहुणे माहे, अन् बैल खाऊन राह्यले ते गवतही माहं. खाऊ द्या त्यायले. पोटभर खाऊ द्या."

"मी कुठं नाही म्हनतो? माहं हाय म्हनूनच खाऊन राह्यले."

ज्याची जागा त्याने पाहुणा जेवू घालायचा, ही रीत. न घालणारा आपणहून म्हणाला, की जागा माझी नाही. दुपारपर्यंत दोन्ही घरांतून टोपल्या येऊ लागल्या. भगवंताकडच्या पुरणपोळ्या पातळ आणि मऊ, सूर्यभानाकडच्या ताटाएवढ्या. भगवंताने तुपाची वाटी आणली, सूर्यभानाने घागर. बैलांना दोन्हीकडचं पुरण मिळालं. पंच निवाड्याला आले आणि वासानेच खाली बसले. पाच पंचांनी दोन्ही बाजू इतक्या नेमकेपणाने चाखल्या, की एकाला धोतर सैल करावं लागलं.

मग म्हातारा पाटील म्हणाला, "नत्थुजी, तुमच्या काट्याले आमी मानतो. सांगा, कुरण कोणाचं?"

नत्थुजी उठला. गाडीच्या सावलीत शालू पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती. तिच्या शेजारी पार्बता, मांडीवर पोरगं. सूर्यभान मिशीला हात लावून वाट पाहत होता. नत्थुजीला वाटलं, एक शब्द, आणि लेक घरी जाते. तो शब्द त्याच्या जिभेवर आला आणि पार्बताकडे पाहून परत गेला.

"दोन्ही घरचं जेवलो," तो म्हणाला. "सारखंच जड झालं. कोणतं पारडं खाली गेलं ते मले नाही सांगता येत."

सूर्यभान लाल झाला. "म्हणजे मंग गाडीचं आमी जे बोललो होतो—"

"कोणती गाडी?" असं विचारत त्याची कारभारीण मैनाबाई उठली. ती सकाळपासून पोळ्या वाढत होती आणि वाढता वाढता नातवाकडे पाहत होती. ती सरळ पार्बतापाशी गेली, पोराला उचललं, त्याच्या पाठीवरून हात फिरवला. "कोण चोळते गं याले?"

"मी," पार्बता म्हणाली.

"हात चांगला हाय तुहा. बापाले सांग, पोळीत मीठ कमी हाय." मग तिने नवऱ्याकडे वळून सांगितलं, "कुरण तुमी वाटत बसा. मी माहा नातू घेऊन चालली. न्यायले गाडीच लागते का? मी आली ना. चाल, शालू."

शालू उठली. तिने बोचकं घेतलं, आईच्या पाया पडली, बापाच्या पडली. पार्बताने लाडवांचा डबा तिच्या डोक्यावर ठेवला, तो नीट बसला का पाहिलं, आणि मग दोघींनी तोंडं फिरवून एकदमच डोळे पुसले. सासू पुढे, सून मागे, अशा दोघी उजवीकडच्या वाटेने गेल्या. पोरगं रडत होतं, त्यामुळे त्या कुठवर पोचल्या ते सगळ्यांना शेवटपर्यंत कळत होतं.

पंचांनी आपसात खाकरून निकाल दिला: कुरणाला नांगर लावू नये, दोन्ही घरची गुरं चरत राहावी, आणि पुढल्या पोळ्याला इथेच पुन्हा बसावं. पुरण दोन्हीकडून यावं, हे पाटलाने वेगळं सांगितलं.

माणसं पांगली. भगवंत तिथेच बसला होता, सूर्यभानही जागचा हलला नाही. "सून गेली घरी," तो नत्थुजीला म्हणाला. "आता तरी सांगा, व्याही. साक्ष काय होती तुमची?"

नत्थुजीने बैलांकडे बोट दाखवलं. दोघेही टम्म पोटांनी गवतात बसले होते, एक थोरल्या कुरणात, एक धाकल्यात. "ते काय, रवंथ करून राह्यले माही साक्ष."

आधी भगवंत हसला, तोंडावर हात ठेवून, मग नत्थुजी. सूर्यभान हसला नाही. तो उठला, बैलांभोवती एक चक्कर मारली, वाकून दोघांची पोटं निरखली.

"भगवंता," तो म्हणाला, "धाकल्या कुरणातल्यानं, तुह्या बाजूच्यानं, कमी खाल्लं. त्याले एक पेंडी टाक. पाहुण्याचा बैल उपाशी गेला म्हनतीन लोक."

आणि भगवंत पेंडी आणायला उठला.